आक्का येणार आहेत

४ सप्टेंबर, सोमवार

सकाळी ह्यांनी पुन्हा विचारलं, "नंदे, माझे कपडे बाहेरच्या खोलीतल्या कपाटात कसे गं?"

म्हटलं, आतल्या कपाटाला वाळवी लागली होती. वाळवी-बिळवी काही नाही. नऊ वर्षं हे बाहेरच्या खोलीत झोपत होते, म्हणून कपडे तिथं. दवाखान्यातून घरी आणायच्या आदल्या दिवशी मी पलंग आत ओढला, गादीला ऊन दाखवलं, उशीचे अभ्रे बदलले, सगळं कसं वर्षानुवर्षं एकाच खोलीत राहत असल्यासारखं लावलं. कपडे तेवढे राहिले. चोर काहीतरी विसरतोच.

जुलैत स्कूटर खड्ड्यात गेली. डोक्यात रक्त साकळलं, ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले ते मधली वर्षं सांडून. ऑफिसातून रिटायर झाल्याचं आठवत नाही. मंजूचं लग्न आठवत नाही, फोटो दाखवल्यावर हसून मान्य केलं. थोरली बहीण, आक्का, गेली, ते आठवत नाही. त्यावरून माझ्याशी अबोला धरला, तोही आठवत नाही.

म्हणून "नंदे". हे नाव ह्या घराच्या भिंतीही विसरल्या होत्या. हाक आली की अजून दचकते मी.

८ सप्टें., शुक्र.

आज ह्यांचा जुना कप लपवला. निळ्या रेघेचा, कान तुटका.

अबोल्यातली आमची सोय होती ती. सकाळी हे कप धुऊन ओट्याशेजारच्या खिडकीत ठेवायचे. उताणा ठेवला की चहा हवा. पालथा ठेवला की बाहेर घेऊन आलोय, नको. जेवण झालं की मी झाकण दोनदा ओट्यावर आपटायचे. मंजू घरात होती तोवर "आईला सांग", "बाबांना सांग" असं चालायचं. ती सासरी पुण्याला गेली आणि कप-झाकणावर आलो. ही रोजनिशीसुद्धा तेव्हाचीच. दिवसभर शाळेत तिसरीच्या पोरांपुढं घसा फोडायचा, घरी आलं की तोंड उघडायला जागा नाही. मग लिहायचं.

कप ज्वारीच्या डब्यामागं ठेवला. फेकून द्यायला हवा होता. हात धजला नाही.

दु. चहा दिला तर म्हणाले, "तू पण घे ना. एकटाच पिऊ का?" घेतला. साखर विसरले होते, दोघांनी तसाच प्यायला.

१० सप्टें., रवि.

मं.चा फोन. पहिला प्रश्न तोच. "बाबांना सांगितलंस?"

"डॉक्टर म्हणालेत हळूहळू सांगा."

"आई, दीड महिना झाला. हळूहळू म्हणजे केव्हा? तू बाबांना फसवतेयस."

वर म्हणाली, "तुझं काय जातंय सांगायला?" मुलगी माझीच, पण कुठं बोट ठेवायचं ते बापाकडून शिकली. काय जातंय! सांगितलं की आत्या गेली, तर पुढचा प्रश्न कशानं गेली, कधी गेली, मला का नाही कळवलं. त्याचं उत्तर मी. सांगितलं की हे जातील. म्हणजे घरातच राहतील, दोन वेळा जेवतील, पण जातील.

हे मं.ला सांगता येत नाही. म्हटलं, कुकर लागलाय, ठेवते.

१७ सप्टें., रवि.

मुक्तिदिनाचं झेंडावंदन. रजेवर असले तरी शाळेत जाऊन आले, नाहीतर हेडबाई बोलून दाखवतात. परत आले तर हे गॅलरीत बसून समोरच्या गल्लीतल्या पोरांचे कागदी झेंडे बघत होते.

मग सुरू झालं. रझाकारांच्या दिवसांत गाव रातोरात रिकामं झालं, हे सात वर्षांचे, अंगात ताप. आक्का सोळाची असेल. तिनं ह्यांना पाठुंगळी घेतलं आणि उभ्या ज्वारीतून आजोळी नेलं. "पायात काय नव्हतं तिच्या. मला म्हणायची, दत्तू, खोकू नको रं. मी तिच्या खांद्यात दात रोवले होते, खोकला येऊ नये म्हणून."

लग्नानंतर ही गोष्ट शंभरदा ऐकली असेल. कंटाळा यायचा. आज नऊ वर्षांनी ऐकली आणि पदर तोंडाला लावून बसले.

संपवून म्हणाले, "आक्का आली नाय गं बघायला मला. एवढं लागलं, ऑपरेशन झालं. रागावली का काय?"

आता सांगायचं. हीच वेळ होती. मी तोंडही उघडलं.

"दिवाळीला येणार आहेत आक्का. भाऊबीजेला."

कुणी बोलायला लावलं? नुसतं "बघू" म्हणता आलं असतं. ह्यांचा चेहरा असा खुलला की मी आत जाऊन उगीचच तांदूळ निवडत बसले, निवडलेले.

१९ सप्टें., मंगळ.

आज जे केलं ते इथंही लिहू नये असं वाटतंय.

अकराच्या सुमारास फाटक वाजलं. नामदेव, आक्कांचा मुलगा. केस पिकले त्याचेही. हातात पिशवी, तीत गवारीच्या शेंगा. "मामी, शुक्रवारी आईचं पित्तर हाय. मामाला बरं असंल तर गाडी करून नेतो. नाय तर नुसतं बघून जातो."

हे आत अंघोळीला. पाण्याचा आवाज येत होता. मी फाटकाची कडी धरून उभी.

म्हटलं, "नामदेवा, ते झोपलेत. डॉक्टरांनी कुणाला भेटू देऊ नका सांगितलंय."

"लांबूनच बघतो की."

"पुढच्या महिन्यात ये."

तो माझ्याकडं बघत राहिला. मलाही मागून कळलं काय बोलले ते. तेच शब्द. त्या वर्षीही त्यालाच म्हणाले होते, शेजारच्यांच्या फोनवर, पुढच्या महिन्यात आण.

नामदेवनं पिशवी फाटकावरून आत दिली, "ताज्या हायेत," म्हणाला आणि गेला. रिक्षा वळेपर्यंत मी पाहत होते. त्यानं चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ह्यांनी विचारलं, कोण होतं? म्हटलं, भाजीवाला. जेवताना गवारीची तारीफ केली. "गावाकडच्या चवीची हाय," म्हणाले.

२२ सप्टें., शुक्र.

आज आक्कांचं पित्तर. तिकडं गावी पान वाढलं असेल. इथं मी खीर केली, कारण सांगितलं नाही. कावळ्याला गच्चीवर ठेवून आले. आला नाही. म्हटलं बरोबर आहे, माझ्या हातचं आक्कांनी कधी खाल्लंय सरळपणे!

बाई होत्याच तशा. आल्या की आधी माझी भांडी उलटी करून बुडं बघायच्या. "शिकलेली हायेस ना, मग घासायला कोण शिकिवणार?" मिश्रीचं बोट बेसिनला पुसायच्या. माझ्या माहेरच्या साडीला "गोधडीला बरी" म्हणाल्या होत्या, माझ्या आईसमोर. हे सगळं खरं आहे.

आणि हेही खरं, की मंजूची बारावी होती, दोनच खोल्या होत्या, आक्कांना पोटाचं दुखणं होतं आणि इथं राहून मोठ्या दवाखान्यात दाखवायचं होतं. नामदेवचा फोन आला तेव्हा मी ह्यांना न विचारता पुढच्या महिन्यावर ढकललं. घरी आल्यावर सांगितलंही नाही. महिना आक्कांनी काढला नाही. दहाव्याला नदीवर नामदेव बोलून गेला, "मामी म्हनल्या, फुडच्या म्हैन्यात आण." हे माझ्याकडं वळले, एकदाच. तेव्हापासून बंद.

लपवलेलं नाही हे, सगळ्या भावकीला ठाऊक आहे. एका माणसाला सोडून, आणि तो आत घोरतोय.

२ ऑक्टो., सोम.

दुपारी ह्यांच्या डोक्याला तेल लावलं. टाक्यांची जागा सोडून. केस पुन्हा येताहेत, मऊ. हे जमिनीवर, मी पलंगाच्या कडेला. माझ्या गुडघ्याला डोकं टेकून बसले.

म्हणाले, "औरंगपुऱ्यातली खोली आठवते का?"

आठवत नाही होय! लग्नानंतरची भाड्याची खोली, खाली शिंप्याचं दुकान, दिवसभर मशीन. आक्का बघायला आल्या की पडद्यापलीकडं झोपायच्या. त्या गावी परतल्या की मी गोधडीत ह्यांना आक्कांची नक्कल करून दाखवायची. "दत्तू, तुझी बायकू लई वाळली रं, खाती का नाय?" हे हसून हसून गुदमरायचे, माझ्या तोंडावर हात ठेवायचे, खाली शिंप्याला ऐकू जाईल म्हणून. आमचं जे काही जुळलं ते त्या नकलेवर जुळलं म्हटलं तरी चालेल. तिसऱ्या कुणाला ठाऊक नाही.

"करून दाखव की एकदा."

नको म्हटलं. ऐकेनात. शेवटी केली. आवाज असा निघाला, जणू काल-परवाच केली होती. हे हसले, पोट धरून. मग माझा तेलकट हात स्वतःच्या गालाला लावून धरला.

बराच वेळ. मी हात काढला नाही. ह्या सुखावर माझा हक्क नाही, हे त्याच क्षणी कळत होतं, आणि तरी काढला नाही.

७ ऑक्टो., शनि. दसरा

सोनं दिलं, घेतलं. ह्यांनी आपट्याचं एक पान वेगळं काढून देवघरात ठेवलं. "आक्काचं."

मग म्हणाले, नामदेवकडं फोन आलाय आता, तूच म्हणालीस ना, लाव. तिला म्हणतो, भाऊबीजेला आठ दिवस आधीच ये.

मी म्हटलं, फोन बंद आहे. बंद होताच, मीच महिनाभर मागची पिन काढून ठेवते आणि मं.च्या फोनच्या वेळेला लावते. हे उठले, वाकले. जन्मभर धरणांचे नकाशे काढलेला माणूस, ह्याला पिन सापडणार नाही? "निघाली होती बघ." लावली. कानाला लावून टोन ऐकला. समाधानानं माझ्याकडं पाहिलं.

त्यांना नंबर आठवेना म्हणून मी वाचले. म्हणाले, "राहू दे, तीच करील."

आज ना उद्या लावणारच आहेत. नामदेवची बायको उचलेल आणि म्हणेल, कोण आक्का? सासूबाई?

१३ ऑक्टो., शुक्र.

रोज विचारतात. आला का फोन? आक्काचा फोन?

एक विचार डोक्यात आलाय. लाजिरवाणा आहे. पण त्यानं सगळं निभतं. आक्काच म्हणाल्या की येत नाही, तर भाऊबीज टळेल. पुढचं पुढं. ह्यांना काल काय जेवलो ते आठवत नाही, डॉक्टरही म्हणाले नवं फार टिकणार नाही. तेलाच्या दिवशीची नक्कल कुठली आठवायला!

नाही. असलं काही करायचं नाही.

१५ ऑक्टो., रवि.

केलं.

भाजी आणते सांगून निघाले. पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावर रेहानाभाभींचं एसटीडी बूथ. मंजूच्या शाळेपासूनची ओळख. काचेच्या केबिनमध्ये शिरले, दार ओढलं, घरचा नंबर फिरवला. तोंडावर पदर घेतला होता, आक्का घ्यायच्या तसा. का, कोण जाणे. फोनवर पदर कुणाला दिसतो?

"हॅलो."

"दत्तू, म्या बोलतीय रं."

पलीकडं काहीच नाही. मला वाटलं ठेवून देतात. मग हळूच, "आक्का."

"बरा हायेस नव्हं? डोस्क्याला लागलं म्हणं."

"बरा हाय. तू कशी हायेस?"

"माझं काय, हाय तशीच." पुढचं घोकून ठेवलं होतं, गुडघं लई दुखत्यात, यंदा जमत नाय. ते बोलणार तेवढ्यात हे म्हणाले,

"आक्का, यंदा येऊ नकोस."

माझं घोकलेलं तिथंच राहिलं.

"नंदा थकलीय. दवाखाना, घर, सगळं एकटीनं केलंय. तुला तोंडावर नाय म्हणणं तिला जमायचं नाय. म्हणून मीच म्हणतोय."

"बरं," म्हटलं. आक्कांच्याच आवाजात.

"त्या बारीला पण मीच म्हणायला पायजे होतं. पैठणहून ऑफिसात फोन केलतास तू. म्हणलीस, पोट लई दुखतंय रं, येऊ का? मी म्हणलं, घरचं नंदा बघती, तिकडं इचार. तिच्यावर ढकललं. मला ठावं होतं ती काय म्हणंल. मंजूची परीक्षा, दोन खोल्या. मला ठावं होतं, आक्का."

काच धुक्यानं भरल्यासारखी झाली, माझ्याच श्वासानं.

"रागावलीस का?"

"नाही," मी म्हटलं. आवाज माझा निघाला. आक्कांचा नाही. स्वच्छ माझा, वर्गात हजेरी घेतल्यासारखा.

ते म्हणाले, "ठेव आता. बिल चढत असंल."

बाहेर आले तर रेहानाभाभी उभ्या. "मॅडम, अंदर कोण होतं? मला वाटलं गावाकडची कुणी बाई घुसली." मग माझं तोंड बघून खुर्ची पुढं केली. "बैठो. कुणाशी बोललात, मी पूछणार नाय. पाणी प्या आधी." प्यायले. भाजी न घेताच घरी आले.

हे दारातच. "आक्काचा फोन आला होता. येत नाय म्हणाली यंदा."

"आणखी काय म्हणाल्या?"

"काही नाही. तुझी चौकशी केली."

मी माझी चौकशी केली नव्हती.

हातातल्या रिकाम्या पिशवीकडं त्यांनी पाहिलं, पण भाजीचं काही विचारलं नाही.

१६ ऑक्टो., सोम.

दिवसभर भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली.

त्यांना ठाऊक होतं! आक्कांनी आधी ह्यांनाच विचारलं होतं. बहिणीला "ये" म्हणायची छाती झाली नाही आणि "नको" म्हणायचीही नाही, म्हणून माझ्या दारात आणून सोडलं. मी नको म्हटलं. मग ती गेली, आणि हा माणूस नऊ वर्षं कप पालथा घालत बसला, जणू मीच एकटीनं... मंजूच्या लग्नात अक्षता टाकतानासुद्धा माझ्याकडं पाहिलं नाही. पाहुण्यांसमोर मी हसत होते, जबडा दुखेपर्यंत.

इतका राग आयुष्यात आला नाही. आणि ओरडायचं कुणावर? त्यांनी मला सांगितलंच नाही. आक्कांना सांगितलं. मेलेल्या बहिणीचा पदर पांघरून मी चोरून ऐकलं. आता कुठल्या तोंडानं विचारू? "मला कसं कळलं" हे सांगायला आधी मीच उघडी पडणार.

माझं तेवढं धुऊन निघत नाही त्यानं. "पुढच्या महिन्यात" हे मीच म्हटलं. गेल्या महिन्यात पुन्हा म्हटलं. तेव्हा तर मला कुणी ढकललं नव्हतं.

१९ ऑक्टो., गुरु.

एकच गोष्ट घोळतेय. त्यांनी आवाज ओळखला का?

ओळखला नसेल, तर आक्का आहेत समजून बोलले. मग ऑफिसातला फोन आठवतो तो नुसता काठावरचा, त्याच्यापुढचं काळोखात.

ओळखला असेल, तर. तो आवाज त्यांनी गोधडीत किती वेळा ऐकलाय. बहिणीचा म्हणून आणि माझा म्हणून, दोन्ही. ओळखून बोलले असतील तर जे नऊ वर्षं मला तोंडावर सांगता आलं नाही ते आक्कांच्या नावानं सांगितलं. मी खोटी आक्का झाले म्हणून ते खरं बोलू शकले. मग दोघंही तसलेच.

आणि मग आक्का नाहीत हेही त्यांना...

डोकं दुखतंय. शेंगदाण्याची पोळी करपली.

२२ ऑक्टो., रवि.

चिवडा, चकली. भाजणी जरा जास्त भाजली.

दुपारी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "नंदे, चार-पाच दिवस झाले, तू बोलत का नाहीस माझ्याशी?"

झारा हातातच राहिला. मला कळलंच नव्हतं. विचारलं तेवढंच उत्तर देत होते, नाहीतर गप्प. म्हणजे आता अबोला धरणारी मीच!

"तळणाकडं लक्ष होतं," म्हटलं.

त्यांनी स्टूल घेतलं, बसले, आणि चकल्या पाडू लागले. पहिल्या दोन मोडल्या. सोऱ्या फिरवणारे त्यांचे हात बघत राहिले मी. ह्या हातांवर मला राग आहे आणि हेच हात घरात हवेत. दोन्ही एकदम कसं असतं ते शाळेत कुणी शिकवलं नाही.

मं.चा फोन. ती दिवाळीला येणार नाही, नातवाला कांजिण्या. ह्या खेपेला तिनं नेहमीचा प्रश्न विचारला नाही. एवढंच म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना?" जास्त लागलं.

२८ ऑक्टो., शनि. पाडवा

मधल्या वर्षांत पाडव्याला मी निरांजन लावून ताट स्टुलावर ठेवायचे आणि आत निघून जायचे. हे येऊन बसायचे, ज्योतीकडं पाहायचे, उठायचे. ओवाळणी ताटात. लोकांनी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

आज समोर उभं राहून ओवाळलं. कुंकू लावताना टाक्यांच्या खुणेवर अंगठा गेला. त्यांनी डोळे मिटले. ताटात साडी ठेवली, समोरच्या दुकानातून स्वतः जाऊन आणलेली. एकटे गेले होते, मला न सांगता! जांभळी, काठ हिरवा. मला जांभळा शोभत नाही. लगेच नेसले.

उद्या सांगायचं. ठरवलंय. भाऊबीजेच्या दिवशी तरी त्या बाईला जिवंत धरून ठेवायचं नाही. माझं जे व्हायचं ते होवो. आणि बूथचंही सांगायचं. नामदेवचंही. मग त्यांच्या ऑफिसातल्या फोनचं मी बोलणार नाही. ते त्यांचं आहे.

२९ ऑक्टो., रवि. भाऊबीज

सकाळी अंघोळ करून हे न सांगता पाट मांडून बसले. डोक्यावर टोपी. कशासाठी, मी विचारलं नाही. समोर रिकामी फरशी.

मी ओले हात पुसत जवळ गेले. "मला तुम्हाला एक सांगायचंय. आक्कांचं."

त्यांनी हात वर केला. मला थांबवायला की टोपी सारखी करायला, कळलं नाही.

"आज नको, नंदे. सणाचा दिवस हाय."

"आजच सांगायला हवं."

"बस मग इथं. पण बोलू नको."

बसले. जमिनीवर, पाटाच्या बाजूला. दोघंही त्या रिकाम्या फरशीकडं बघत. शेजारी कुणाच्या तरी घरी बहिणी आल्या होत्या, हसण्याचे आवाज येत होते. बऱ्याच वेळानं ह्यांनी टोपी काढली, घडी केली, मांडीवर ठेवली. देवघरातलं दसऱ्याचं आपट्याचं पान वाळून कुरकुरीत झालं होतं. उठून ते आणून त्यांनी पाटावर ठेवलं. गॅलरीत जाऊन उभे राहिले. खांदे हलत होते की वाऱ्यानं सदरा हलत होता, मी पुढं होऊन पाहिलं नाही. धीर झाला नाही.

दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी थोडा भात. बोलले नाहीत फारसं. "मीठ दे." "दिवे घालव." एवढंच.

झोपताना मात्र आतच आले, पलंगावर.

हे बाहेर गेले होते तेव्हा नामदेवला फोन केला. म्हटलं, ये मामाला भेटायला. कधी, त्यानं विचारलं. म्हटलं, पुढच्या महिन्यात नाही, ह्याच आठवड्यात. तिकडून नुसतं "व्हय" आलं. मग म्हणाला, "मामी, मामाला काय सांगू? ईचारलं तर?"

"विचारलं तर खरं सांग. आधी मी सांगते."

३० ऑक्टो., सोम.

उठायला उशीर झाला. हे शेजारी नव्हते. फाटक उघडल्याचा आवाज आला, दूध घ्यायला गेले असतील.

ओट्याशी गेले. ज्वारीचा डबा पुढं ओढलेला. मागची जागा रिकामी.

खिडकीत निळ्या रेघेचा कप. धुतलेला, अजून ओला.

तिथंच ओट्याला धरून उभी राहिले. म्हणजे सगळं आठवलंय. कप आठवला म्हणजे अबोला आठवला, अबोला आठवला म्हणजे आक्का. आज आठवलं, की काल पाटावर, की त्या आधीच, आवाज ऐकला तेव्हा? का कपडे कपाटात कसे विचारलं तेव्हाच?

मग नीट पाहिलं. कप उताणा आहे.

चहा ठेवलाय. दोघांचा. आलं किसून टाकलं. फाटक पुन्हा वाजलं, पावलं पायरीपर्यंत आली आणि थांबली. ते बाहेरच उभे आहेत.

आधीसारखा कप भरून खिडकीत ठेवायचा आणि आत निघून जायचं, की "अहो, चहा झालाय," म्हणून हाक मारायची. उकळी वर येतेय. इथपर्यंत लिहून वही मिटते आणि दाराकडं जाते.